रोज एक सत्कृत्य

आमच्या कॉलनीत कुठलंही बिनपगारी पद रिकामं झालं की लोकांची पावलं आपोआप माझ्या दाराकडे वळतात, आणि हा माझ्या गुणांचा गौरव आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. गणपती मंडळाचा खजिनदार, पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा एकमेव सदस्य, कोजागरीच्या मसाला दुधाचा हिशेबनीस अशा पायऱ्या चढत मी आलो, आणि दर वेळी माझ्या आधीचा माणूस मला मिठी मारून, डोळ्यांत पाणी आणून, खिशातल्या किल्ल्या माझ्या हातात कोंबून जवळजवळ पळत गेला, तरी मला कधी शंका आली नाही. बायकोला आली होती. तिचं म्हणणं असं, की तुम्ही कर्तबगार आहात म्हणून कुणी येत नाही. तुमचं 'नाही' तोंडातून बाहेर पडेपर्यंत समोरच्याचा चहा पिऊन झालेला असतो आणि तो आभार मानून निघून गेलेला असतो, म्हणून येतात.

नानांनी तर चहाही अर्धाच घेतला.

नाना म्हणजे कोपऱ्यावरच्या बंगलीतले निवृत्त मास्तर. नाशिकच्या आमच्या भागात मुलांचं एक स्काउट पथक त्यांनी उभं केलं आणि कित्येक वर्षं चालवलं. शाळेचं नव्हे, मोकळं. कुठल्याही शाळेतल्या पोरानं रविवारी सकाळी मैदानावर यावं आणि दुपारी गुडघे फोडून जेवायला घरी जावं, असा साधा कारभार. "गुडघा बदलून घेतल्यापासून मला पोरांमागं पळवत नाही रे," नाना म्हणाले. मी म्हटलं, "नाना, मला गुडघा न बदलताच पळवत नाही." "मग झालं तर!" नाना उठत म्हणाले, "तुझा अजून मूळचा आहे." आणि बायको आतून म्हणाली, "होईल तेवढीच हालचाल." अशा रीतीनं सरकारी कचेरीच्या लेखा विभागात फायलींवर बारीक अक्षरात शेरे मारण्यापलीकडे कसलंही शौर्य न गाजवलेला मी स्काउटमास्टर झालो.

पहिली अडचण गणवेशाची. राखाडी सदरा, गडद निळी पँट, गळ्यात स्कार्फ, तो अडकवायला वॉगल, डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा. शिंप्याला मी गणवेशाचं वर्णन सांगितलं, त्यानं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, "मुलाला घेऊन या मापाला." मुलगा नाही, मीच आहे, असं म्हटल्यावर त्यानं माझ्या पोटाकडे बघून कापडाचा आकडा खोडला आणि नवीन लिहिला. पहिल्या रविवारी हा पोशाख चढवून मी जिना उतरलो तेव्हा दूधवाल्यानं "सिक्युरिटीत लागलात का काका?" असं आपुलकीनं विचारलं, तळमजल्यावरच्या आजींनी गॅसचं सिलिंडर तेवढं आत ठेवायला सांगितलं, आणि आमचा वॉचमन त्या दिवसापासून माझ्याशी तुटक वागू लागला. सोसायटीनं दुसरा माणूस बघितला अशी त्याची समजूत आहे.

मग नानांनी मला प्रशिक्षणाला पाठवलं. हा कोर्स मोठ्या माणसांचा, पण तिथं मोठ्यांना पोरं करून टाकतात. आल्या आल्या संघ पाडतात, संघाला एखाद्या प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव देतात आणि त्याची आरोळी पाठ करायला लावतात. माझ्या वाट्याला 'कोल्हा संघ' आला. संघात दोन मुख्याध्यापक, एक चित्रकलेचे शिक्षक, एक पी.टी.चे मास्तर आणि मी. आणि पहाटे शिट्टी झाली की आम्ही सगळे चड्डीची नाडी सावरत अंधारात रांगेत उभे राहून कोल्हेकुई करत असू. त्यातले एक मुख्याध्यापक त्यांच्या शाळेत इतके कडक की म्हणे शिपाई त्यांच्या चपलांचा आवाज ओळखून उभा राहतो. त्यांची कोल्हेकुई सर्वांत सरस होती. आरोळीनंतर बी.पी. म्हणजे स्काउटांचे बेडन-पॉवेल यांचे सहा व्यायाम. त्यातल्या एका व्यायामात गुडघे न वाकवता पायाची बोटं धरायची असतात. माझ्या पायाला बोटं आहेत हे मला ऐकीव माहितीवरून ठाऊक आहे; प्रत्यक्ष दर्शन होऊन बराच काळ लोटला.

शेवटच्या दिवशी ध्वज बांधायचं काम माझ्याकडे आलं. स्काउटचा ध्वज घडी घालून, दोरीत अडकवून वर चढवतात आणि खालून झटका दिला की तो उलगडतो. माझ्या हातचा ध्वज झोकात वर गेला, सगळं शिबिर तीन बोटांच्या सलामीत ताठ उभं राहिलं, आणि मी झटका दिला. मग आणखी एक दिला. मग मी दोरीला जवळजवळ लोंबकळलो. ध्वज उलगडेपर्यंत कुणी सलामी उतरवेना, उन्हं वर आली, चित्रकलेच्या शिक्षकांच्या हाताला मुंग्या आल्या, आणि अखेर पी.टी.चे मास्तर, सलामी न मोडता, डाव्या हातानं आणि दातांनी ती गाठ सोडवायला धावले. प्रमाणपत्र मात्र मला मिळालं. ते देणारे गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला मुलांकडून बरंच शिकायला मिळेल." मला तो आशीर्वाद वाटला.

या चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांचं चरित्र मी याच काळात वाचलं आणि मला घाम फुटला. हा इंग्रज अधिकारी 1899-1900 साली दक्षिण आफ्रिकेतल्या मेफकिंग गावात बोअरांच्या वेढ्यात 217 दिवस अडकून पडला होता. त्यातून सुटला, सात वर्षं गेली, तेव्हा कुठं 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी नावाच्या बेटावर विसेक मुलांना घेऊन त्यानं पहिलं शिबिर भरवलं. म्हणजे वीस पोरांबरोबर राहण्यापूर्वी माणसाला 217 दिवसांच्या वेढ्याचा अनुभव होता. मी थेट लेखा विभागातून आलो होतो.

आमच्या पथकात चार संघ : वाघ, गरुड, मोर आणि हत्ती. वयं दहापासून सतरापर्यंत, म्हणजे एका टोकाला अजून बुटाची नाडी आईकडून बांधून घेणारी पोरं आणि दुसऱ्या टोकाला मिशी फुटलेले संघनायक. पहिल्याच रविवारी मी त्यांना रीफ नॉट शिकवायला घेतली. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर, एवढंच तर असतं. पण समोर पोरांची रांग असली की माझं उजवं त्यांचं डावं होतं, मी त्यांच्या सोयीसाठी उलटं करून दाखवायला जातो, मग ते माझ्या सोयीसाठी उलटं बघतात, आणि शेवटी जी गाठ तयार होते तिला पुस्तकात 'ग्रॅनी नॉट' म्हणतात. तिचं वैशिष्ट्य असं की वजन पडलं की ती सुटते आणि सोडवायला गेलं की सुटत नाही. मोरांमधला सर्वांत धाकटा, चष्मेवाला, माझ्याजवळ आला आणि अतिशय हळू आवाजात, चारचौघांत माझा पाणउतारा होऊ नये अशा बेतानं म्हणाला, "सर, ती मी सोडवू का? तुमचा अंगठा आत राहिलाय."

शिट्टीचंही तेच. शिट्टीची एक भाषा असते : एक लांब फुंकर म्हणजे शांत व्हा, पुन्हा पुन्हा लांब म्हणजे पांगा, तुटक तुटक म्हणजे गोळा व्हा, आणि एक आखूड एक लांब असं आलटून पालटून वाजलं तर संकट आहे, सावध. मला ही भाषा लिहिता येते, बोलता येत नाही. पोरांना जवळ बोलावण्यासाठी मी चांगली छाती भरून लांबलचक शिट्ट्या मारू लागलो आणि पोरं मैदानाच्या चारी कोपऱ्यांकडे निघाली. थांबा, परत या, म्हणून मी आणखी जोर लावला, तर ती कुंपणाबाहेर गेली. हत्ती संघ त्या दिवशी गंगापूर रोडपर्यंत पोचला होता. शिस्त फार चांगली आहे पोरांना.

डाव्या हाताचा प्रकार तर घरात अजून मिटलेला नाही. स्काउट मंडळी डाव्या हातानं हस्तांदोलन करतात; पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती योद्ध्यांची ही चाल म्हणे, की ढाल असलेला हात मोकळा करून मित्राला द्यायचा, कारण त्याच्यावर भरवसा आहे. कल्पना सुंदर आहे. दर रविवारी तिचा सराव करून करून माझा डावा हात आपणहून पुढं जाऊ लागला, आणि पुतणीच्या साखरपुड्यात, उजव्या हातात पेढा असताना, मुलाच्या थोरल्या काकांपुढं गेला. मी त्यांना अशांती योद्ध्यांबद्दल सांगायला लागलो. ते पेढा न घेता खुर्चीत जाऊन बसले. वहिनी अजून म्हणतात, भावजींना कशाला बोलावता पुढं, मागं पंगतीचं बघू दे त्यांना.

इतिहासाच्या तासाला तरी आपण टिकू असं वाटलं होतं. प्रवेशाच्या परीक्षेसाठी पोरांना सांगत होतो की हिंदुस्थानात 1909 साली पहिली पथकं निघाली, पण ती गोऱ्यांच्या मुलांसाठी, आपल्या पोरांना तिथं मज्जाव. मग ॲनी बेझंटबाई, पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू, वाजपेयी अशा लोकांनी आपली वेगळी पथकं काढली आणि सगळ्यांची एक संस्था व्हायला 7 नोव्हेंबर 1950 उजाडावा लागला. इथवर सुरळीत झालं. तेवढ्यात एका वाघानं विचारलं, कोणते वाजपेयी? मी म्हटलं, "अरे, आपले अटलजी." वर्गात शांतता पसरली. "श्रीराम वाजपेयी, सर," चष्मेवाला मोर पुन्हा त्याच हळू आवाजात म्हणाला. "अटलजी तेव्हा जन्मायचे होते." मी त्याला शाबासकी दिली आणि विषय आरोग्याकडे वळवला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. स्काउटनं रोज एक सत्कृत्य करायचं असतं आणि ते डायरीत लिहायचं असतं. वाचायला सोपं वाटतं, पण आजच्या शहरात सत्कृत्याला गिऱ्हाईक कुठं आहे? आजीला रस्ता ओलांडून द्यावा तर आजी रिक्षानं जाते, कुणाची पिशवी उचलावी तर किराणा मोबाईलवर मागवलेला असतो, आणि अनोळखी काकांना मदत करायला गेलं तर काका आधी खिसा चाचपतात. पोरं बिचारी सत्कृत्याच्या शोधात हिंडत आणि कोऱ्या डायऱ्या घेऊन परत येत. नाना असताना तर फारच अडचण, कारण नानांना सगळं येत असे. माझ्या येण्यानं हा प्रश्न सुटला. महिन्याअखेरीस डायऱ्या तपासायला घेतल्या तर पानोपान मीच होतो. 'आज सरांना चष्मा शोधून दिला (डोक्यावर होता).' 'आज सरांच्या स्कूटरचा स्टँड लावला.' 'आज सरांना तंबूतून बाहेर काढले.' 'आज सर चुकीचे सांगत होते, पण मी हसलो नाही.' या शेवटच्याला मी पूर्ण गुण दिले.

पुढं 'खरी कमाई' आली. पोरांनी घरोघर जाऊन कामं करायची, कष्टाचे पैसे घ्यायचे आणि पथकाच्या खात्यात जमा करायचे. हिशेब माझ्याकडे, म्हणून मी निश्चिंत होतो. गरुड संघानं गाड्या धुतल्या, हत्तींनी एका वकिलांच्या बागेतलं गवत काढलं, आणि वाघ कुठं गेले म्हणून बघतो तर माझ्याच घरी. बायकोनं त्यांना माळा साफ करायला बोलावलं होतं. हा माळा मी येत्या रविवारी करतो, येत्या रविवारी करतो म्हणत आलो होतो, आणि आता तर रविवारी मला पथक असे. वाघांनी तो तासा-दीड तासात रिकामा केला आणि खालच्या अंगणात सगळं ओळीनं मांडून ठेवलं : न वाजणारे दोन ट्रान्झिस्टर, व्यायामाची स्प्रिंग, 'तीस दिवसांत बासरी' हे पुस्तक आणि त्याच्यासोबतची बासरी, दोन्ही कोरी करकरीत, आणि एकेका वस्तूची बायकोपासून लपवलेली पावती. लेखा विभागाचा माणूस पावत्या फेकत नसतो. बायकोनं वाघांना लाडू दिले, भरघोस मजुरी दिली, भंगारवाल्याकडून आलेले पैसेही पथकाला देऊन टाकले, आणि मला रीतसर जमा पावती फाडायला लावली.

आणि मग शिबिर. नाना म्हणाले, लांब नको, रामशेजला ने. नाशिकहून पेठ रस्त्यानं थोडकं अंतर, पायथ्याला आशेवाडी, चढायला बेताचा किल्ला, वाटेत गुहेतलं रामाचं मंदिर. पण या बेताच्या किल्ल्यानं 1682 पासून औरंगजेबाच्या फौजेला कित्येक वर्षं दाद दिली नव्हती. तोफा नव्हत्या म्हणून मावळ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांना कातडी मढवली, असं मुघलांच्या बाजूचा खाफीखानच लिहितो. शहाबुद्दीनखान थकला, बहादूरखान आला, आणि त्यानं शेवटी एका मांत्रिकाला धरलं. मांत्रिक म्हणाला, शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या, तो हातात धरून मी पुढं चालतो, किल्ला उघडतो. खानानं नाग करून दिला. मांत्रिक चालत निघाला, वरून गोफणीचा एक धोंडा आला आणि त्याच्या छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक एकीकडे.

ही गोष्ट मी शेकोटीवर सांगितली आणि माझ्या कारकिर्दीत प्रथमच पोरं माझं ऐकत बसली. मग हत्तींच्या नायकानं विचारलं, "सर, हा नाग हिशेबात कुठं दाखवला असेल?" मी बराच विचार केला. 'किरकोळ खर्च' म्हणावं तर रक्कम मोठी, 'दुरुस्ती व देखभाल' म्हणावं तर लेखापरीक्षक उभा करील. त्या रात्री मला झोप लागली नाही त्याला एक कारण हे.

दुसरं कारण जेवण. शिबिरात प्रत्येक संघ आपला स्वयंपाक आपण करतो, तीन दगडांची चूल, भांड्याला बाहेरून मातीचा लेप म्हणजे काजळी धुवायला त्रास होत नाही. आणि परीक्षक म्हणून स्काउटमास्टरनं चारही ठिकाणी जेवायचं असतं. वाघांची खिचडी खालून करपली होती. मोरांची वरून कच्ची होती. हत्तींनी विनाभांड्याचा स्वयंपाक म्हणून बटाटे चिखलात लिंपून निखाऱ्यात पुरले होते आणि कुठं पुरले ते विसरले होते. गरुडांचं पिठलं उत्तम होतं, पण तोवर माझ्यात जागा नव्हती, आणि कमी खाल्लं तर पक्षपात झाला असता. मी चारही ठिकाणी सारखंच खाल्लं. मध्यरात्री त्याचा व्हायचा तो परिणाम होऊन मी बॅटरी घेऊन शेताच्या बांधाकडे जाऊन आलो, तर परतीच्या वाटेवर पहाऱ्यावरच्या मोरांनी परवलीचा शब्द विचारला. तो मीच ठरवला होता. मला आठवेना. पोरांनी मला ओळखलं होतं, "पण सर, तुम्हीच सांगितलंय, शब्दाशिवाय कुणालाही सोडायचं नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या कमरेला दोरीची बोलाइन गाठ घातली आणि दोरीचं टोक धरून बसले. जानेवारीतली थंडी, दिंडोरीकडून येणारा वारा, अंगात एक स्वेटर. बोलाइनचा फास सरकत नाही आणि आवळत नाही, हे मी पोरांना फळ्यावर अनेकदा शिकवलं होतं. खरंच सरकत नाही.

सकाळी माग काढत चढाई. दोन मोठी मुलं पुढं जाऊन खडूनं, खड्यांनी, गवताच्या गाठींनी खुणा ठेवत जातात : बाण म्हणजे इकडे चला, फुली म्हणजे इकडे नको, आणि शेवटी वर्तुळात एक ठिपका, म्हणजे मी घरी गेलो. केनियात न्येरी गावी बेडन-पॉवेलसाहेबांची कबर आहे, तिच्या दगडावरही हेच वर्तुळ आणि हाच ठिपका कोरलेला आहे. तर संघ एकामागून एक निघाले आणि कुणी मागं राहू नये म्हणून मी सर्वांत मागं राहिलो. नियम असा आहे की शेवटचा संघ खुणा पुसत जातो, निसर्गात आपला कचरा राहू नये म्हणून. शेवटी हत्ती होते. हत्तींनी एकही खूण ठेवली नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं, फक्त त्यांच्या मागं मी आहे हे नियमात नव्हतं.

समोर अख्खा किल्ला दिसत असताना माणूस वाट कशी चुकतो असं तुम्ही विचाराल. बायकोनंही विचारलं. मी एका बकरीच्या भरवशावर गेलो, बकरी एका कपारीवर जाऊन चरायला लागली, तिथून उतरून, काटे काढून, स्कार्फ बोरीतून सोडवून पुन्हा पायऱ्यांना लागलो, तेव्हा पोरं वर दरवाज्याशी मुंग्यांएवढी दिसत होती. हाक मारायला आवाज नव्हता. म्हणून शिट्टी तोंडात धरली. पण फुंकायलाही दम नव्हता. मी नुसताच धापा टाकत होतो आणि माझी प्रत्येक धाप शिट्टीतून बाहेर पडत होती. एक आखूड, एक लांब. एक आखूड, एक लांब. माझ्या हयातीत एवढा बिनचूक संकेत मी कधी दिला नव्हता.

संकट!

चारही संघ पायऱ्या उतरून धावत आले. मी हात हलवून 'काही नाही, काही नाही' सांगू लागलो, तर वाघांचा नायक ओरडला, "रुग्ण भ्रमिष्ट आहे, बोलू देऊ नका!" एकानं नाडी धरली, दुसऱ्यानं पाय उंच केले, तिसऱ्यानं कपडे सैल करायचे असतात म्हणून माझा पट्टा सोडला. गरुडांनी दोन लाठ्या आणल्या. दोन सदऱ्यांच्या बाह्यांतून लाठ्या घालून, बटणं लावून स्ट्रेचर करतात. पण पोरांचे सदरे पडले चिमुकले, पथकात रुंद सदरा एकाच माणसाचा. तो त्यांनी काढून घेतला. दुसरा मिशीवाल्या संघनायकाचा. अशा रीतीनं गंजीफ्रॉकवर, माझ्याच सदऱ्यात उताणा, दोन्ही हातांनी पँट धरून, अंगावर घोंगडी, तोंडात अजून शिट्टी, असा मी रामशेज उतरू लागलो. औरंगजेबाच्या सरदारांना जो किल्ला वर चढू देत नव्हता तो मला इतक्या सन्मानानं खाली पाठवील असं वाटलं नव्हतं.

पायथ्याशी मोळी घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या. "काय झालं रं पोराहो?" "सरांना धाप लागली, आजी." आजींनी घोंगडी बाजूला करून माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "मंग पानी पाजा की त्येला! मढं काढल्यावानी काय नेताय?" पाणी कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

खाली झाडाखाली खुर्ची टाकून नाना बसले होते. पाहुणे परीक्षक म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी स्ट्रेचरच्या गाठी तपासल्या, पोरांना दोन-चार प्रश्न विचारले आणि तिथल्या तिथं चारही संघांना प्रथमोपचारात उत्तीर्ण केलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या उभ्या हयातीत मला अशी कसरत बसवता आली नाही. अगोदर न सांगता, खऱ्याखुऱ्या माणसावर! पोरांना कळूसुद्धा दिलं नाहीस." स्काउटच्या नऊ नियमांतला पहिलाच नियम विश्वसनीयतेचा आहे, त्यामुळे खोटं बोलणं मला शक्य नव्हतं. मी बोललोच नाही.

त्या आठवड्याच्या डायऱ्यांत प्रत्येक पोराचं एकच सत्कृत्य होतं : 'सरांना किल्ल्यावरून खाली आणले.' फक्त चष्मेवाल्या मोरानं वेगळं लिहिलं होतं : 'सरांना बरे वाटत होते हे मला समजले होते, पण सर्वांचा सराव चालला होता म्हणून मी कुणाला सांगितले नाही.' त्याला आता मी मोरांचा उपनायक केलं आहे.

आमच्या पथकात यंदा दहा वर्षांखालच्या मुलांचा कब विभाग सुरू करायचा आहे आणि त्यासाठी आम्हाला एक माणूस हवा आहे. वाचकांपैकी कुणाला रविवारी सकाळी वेळ असेल तर अवश्य कळवा. गाठी आल्या पाहिजेत असं नाही, शिट्टी आली नाही तरी चालेल, पोरं सगळं सांभाळून घेतात. वजन मात्र साठ किलोच्या आत असावं. उचलणारी मुलं लहान आहेत.